मत विचारायचं आणि ठरवायचं आपणच : ऑफिसचं वातावरण याने सुधारतं का?

मालाडवाली
आमच्याकडे दर सहा महिन्यांनी 'एंगेजमेंट सर्व्हे' येतो, म्हणजे कंपनीबद्दल काय वाटतं ते भरायचा फॉर्म. वर लिहिलेलं असतं, नाव गुप्त राहील. खाली डिपार्टमेंट, वयोगट आणि मजला विचारतात. आमच्या मजल्यावर पन्नाशी ओलांडलेलं माणूस एकच, एक बाई. ती काय खरं लिहिणार, कप्पाळ! मग टाउनहॉल म्हणजे सगळ्यांची सभा होते, रंगीत स्लाइड दिसतात, समोसे येतात, योगाचा क्लास सुरू होतो. सोमवारपासूनच्या शिफ्टचा रोस्टर मात्र शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पडायचा तो पडतोच.

माझं म्हणणं, त्यापेक्षा विचारूच नका. विचारून काहीच केलं नाही की पुढच्या वेळी माणूस तोंड उघडत नाही. कंपनी चालवायला कुणीच मागत नाहीये. आपले तास आणि आपली सुट्टी यात थोडं आपलं चालावं, एवढंच. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून 'व्हाइटहॉल' अभ्यास झाला, दहा हजारांवर माणसं होती. कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. त्यावर योगाचा क्लास काय करणार?

घोडबंदर
असहमत. मी मधला साहेब आहे, दोन्हीकडून खातो.
शेजारच्या टीमने गणपतीच्या सुट्ट्या 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून सोडून दिल्या. ज्यांचा आवाज मोठा आणि नोकरी जुनी, ते पहिल्याच दिवशी नावं लिहून मोकळे. नुकतीच लागलेली एक मुलगी, घर कणकवलीचं, तिचं कोकणकन्येचं तिकीटही काढून झालेलं. तिच्या वाट्याला चतुर्थीची नाइट शिफ्ट. ती कुणालाच काही बोलली नाही, दोन महिन्यांनी बदली मागितली. सहभाग सहभाग म्हणतात तो हाच. मी यादी स्वतः करतो, मागच्या वर्षी गेलेले यंदा शेवटी. शिव्या मला पडतात, पण आपसात भांडणं नाहीत.

मालाडवाली
@घोडबंदर, त्या साहेबाने सहभाग दिला नाही हो, हात झटकले. सुट्टी कुणाला हे नंतरचं. कुठल्या नियमाने, हे आधी सगळ्यांनी बसून ठरवायला हवं होतं. तुमचा नियम चांगलाच आहे, टीमसमोर मांडला असता तर शिव्याही वाचल्या असत्या.
अमेरिकेत एका पायजम्यांच्या कारखान्यात हे करून पाहिलंय, १९४८ साली छापून आलंय. कामाची पद्धत बदलायची होती. ज्या गटाला नुसतं 'उद्यापासून असं' सांगितलं, तिथे उत्पादन घसरलं, कुरबुरी झाल्या, लोक सोडून गेले. ज्यांनी बदल ठरवण्यात भाग घेतला ते लवकर सावरले आणि त्या काळात त्यांच्यातून कुणी नोकरी सोडली नाही.

गिरणगावकर
सर्व्हे आणि समोसे सोडा. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा सांगत होता की शंभर कामगार असतील तर सरकार वर्क्स कमिटी नेमायला लावू शकतं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या माणसांपेक्षा कमी नकोत. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने व्यवस्थापनातला कामगारांचा सहभाग घटनेतच घातला, कलम ४३ ए. प्रत्यक्षात चर्चा कशाची? पिण्याचं पाणी, कॅन्टीन, संडास. पगार-बोनस आला की 'हा विषय इथला नाही'. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती सूचनापेटीत चिठ्ठी टाकून नाही. संघटना नाही तिथे सहभाग म्हणजे साहेबाची मर्जी.

घोडबंदर
@गिरणगावकर, कुर्ल्याची कमानी ट्यूब्स कंपनी १९८८ मध्ये कामगारांनीच चालवायला घेतली होती. सुरुवात चांगली झाली, पुढे तीही अडचणीत आली. मालकी हातात आली म्हणून धंदा आपोआप चालत नाही.

गिरणगावकर
मालकांच्या हातातल्या गिरण्या कुठे चालल्या? लोअर परळला जाऊन बघा, चिमणीच्या बाजूला कॉफी मिळते.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स. ड्युटी लिस्ट मेट्रन ऑफिसातून येते, आम्हाला कुणी विचारत नाही, विचारतील अशी आशाही नाही. तरी दोन वॉर्डांत जमीन-अस्मानाचा फरक. एका वॉर्डात सकाळी हँडओव्हरला इन्चार्ज सिस्टर विचारतात, "रात्री काय राहिलं?" दुसरीकडे पहिला प्रश्न, "कुणी केलं?" पहिल्या वॉर्डात आम्ही चुकलेला डोस लगेच सांगतो, डॉक्टरांना कळवलं जातं, पेशंटवर लक्ष राहतं. दुसऱ्या वॉर्डाचं रजिस्टर एकदम स्वच्छ. एमी एडमंडसन या संशोधक बाईंना अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत हेच दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त, कारण तिथे बोलायची भीती नाही. तेव्हा मालाडवाली ताई, कमिट्या राहू द्या, आधी वरचा माणूस बरा मिळू दे.

मालाडवाली
@रात्रपाळी, पटलं, पण अर्धंच. त्या सिस्टरांची बदली झाली की? सगळं एका माणसावर टांगून ठेवायचं का?

घोडबंदर
एक सांगतो, रोस्टर शनिवारी रात्री का पडतो. क्लायंट पुढच्या आठवड्याच्या कॉल्सचा अंदाज शुक्रवारी संध्याकाळी पाठवतो. त्याआधी केला तर सोमवारी सगळा मोडायला लागतो. निदान आमच्याकडे तरी असंच आहे. मुद्दाम कोण छळतंय?

मालाडवाली
आमच्याकडेही तसंच असेल कदाचित. इतकी वर्षं तिथे काढली, हे कुणी सांगितलं नव्हतं. टाउनहॉलच्या एका स्लाइडवर एवढं टाकलं असतं, तर विरार-कल्याणवाल्यांच्या शिफ्ट तरी आम्हीच आधी नक्की करून दिल्या असत्या. त्यांच्या शेवटच्या लोकलची वेळ काही क्लायंट ठरवत नाही.