उत्तर: पुणे-महाबळेश्वर सायकलवर, सामान वाटून घेणे
सामान वाटून घ्यायचं, दोघांत एक पंप आणि एक स्पेअर ट्यूब पुरते असं वर म्हटलंय, कपडे-खाणं ठीक आहे पण ट्यूबचं पटलं नाही. दोन सायकली सारख्या असतील तरच ते चालतं. आम्ही दोघं गेलो तेव्हा माझी ७०० सी चाकाची (२६ इंचीपेक्षा मोठं चाक) हायब्रीड आणि मित्राची २६ इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, ट्यूब-पंप सगळं त्याच्या बॅगेत कारण त्याला बॅग मोठी (आणि उत्साह पण). खंबाटकी उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं, मित्र उतारावर कधीच पुढे निघून गेलेला, फोन केला तर चार किलोमीटर उलटा आला बिचारा आणि ट्यूब बघतो तर २६ ची! पॅच मारला, पण माझा व्हॉल्व्ह प्रेस्टा म्हणजे तो बारीक, आणि त्याच्या पंपाचं तोंड मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचीही तीच बोंब. शेवटी तिथल्या पोरानेच पंपाचं तोंड उघडून आतलं रबर उलटं करून बसवलं आणि हवा भरली, म्हणजे सोय पंपातच होती, आम्ही दोघे इंजिनिअर बघत बसलो.

त्यात दीड तास गेला, वाईहून पसरणी घाट भर दुपारी दोनला चढायला लागला. आता बारीक व्हॉल्व्हला जाड तोंड देणारा छोटा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवतो, मग कुठलाही पंक्चरवाला चालतो.