आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग, आता ओठाजवळ पण आलाय

मृण्मयी_धायरी:
आई ५४ वर्षांची आहे, कायम चिकटवायची टिकली लावते. त्याच जागी आधी फिकट ठिपका दिसायचा, तो पांढराफटक झाला आणि दिवाळीनंतर ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांवर पण आलंय. आत्या म्हणते कोड आहे, पसरणारच, दही-मासे-आंबट बंद कर आणि बावचीचं तेल चोळ. आईनं भिशीला जाणं सोडलंय. टिकली काढ म्हटलं तर रडते, तुझे बाबा असताना मोकळं कपाळ कसं ठेवू म्हणते. औषधानं रंग परत येतो का? खूप टेन्शन आलंय.

अमेय_कर्वेनगर:
ताई, मला स्वतःला कॉलेजपासून आहे म्हणून सविस्तर लिहितो. टिकली आजच थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं केमिकल असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं, रबरी चपलेच्या पट्ट्याखाली किंवा हेअर डायने सुद्धा काहींना असे डाग येतात. पण ओठ आणि बोटांवर पण आलंय म्हणजे नुसतं टिकलीचं प्रकरण राहिलेलं दिसत नाही, त्यामुळे स्किनच्या एमडी डॉक्टरांनाच दाखवा. ते वूड्स लॅम्पखाली (डाग नीट दिसावेत म्हणून वापरतात तो अतिनील उजेडाचा दिवा) बघतील, थायरॉइडची टेस्ट बहुतेक सांगतील कारण कोड आणि थायरॉइडचा त्रास बऱ्याचदा जोडीनं येतात, शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या पेशींवर उलटते. आणि आईला हे नक्की सांगा की हे शिवल्यानं पसरत नाही, महारोगाशी काही संबंध नाही.

रंग येतो का, तर हो, बऱ्याच जणांना येतो, पण वेळ लागतो. सुरुवातीला स्टेरॉइडचं मलम, चेहऱ्यावर टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं मलम), आणि डाग वाढत असतील तर ३११ नॅनोमीटरची लाइट थेरपी (म्हणजे ठराविक अतिनील किरणांचा शेक), आठवड्यातून २-३ वेळा, महिनोन्महिने. रंग केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून ठिपक्या-ठिपक्यांनी परत येतो म्हणून चेहरा लवकर भरतो आणि बोटांची टोकं, ओठ फार हट्टी, तिथे केसच नसतात ना. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोटांकडे बघून आई मध्येच औषध सोडेल.

वैशाली_सातारारोड:
बावचीचं तेल मनानं अजिबात लावू नका!! त्यात सोरालेन असतं, लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते, माझ्या नणंदेच्या पायावर टरारून फोड आले होते आणि तिथला डाग उलट मोठा झाला, कारण या आजारात जिथे कापतं, भाजतं, घासतं तिथे नवीन डाग येऊ शकतो. दही-मासे सोडून डाग थांबतात याला काही आधार नाही, आईला व्यवस्थित जेवू द्या. डागावर सनस्क्रीन मात्र रोज.

कपाळाचं मला फार जाणवलं. आमच्याकडे सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून काही महिने काहीच लावलं नाही, मंगळसूत्र-बांगड्या होत्याच, आणि सासरेच म्हणाले मला तू अशीच चालतेस. तुमच्या बाबांना बोलायला लावा, लेकीनं सांगण्यात आणि त्यांनी सांगण्यात फरक आहे. शिवाय पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, कोड असलेल्यांना आधार देणारी संस्था, डॉ. माया तुळपुळेंनी सुरू केलेली, त्यांना स्वतःलाही कोड आहे. तिथे आईसारख्याच बायका भेटतील.

मृण्मयी_धायरी:
दोघांचे मनापासून आभार. बाबांशी आजच बोलते. ऑपरेशननं लगेच जातं असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

अमेय_कर्वेनगर:
त्वचेतल्या पेशी काढून डागावर लावतात, पण साधारण वर्षभर एकही नवीन डाग आलेला नसेल आणि जुने वाढले नसतील तरच. आईचे आत्ता वाढतायत, म्हणजे तो विषय आत्ता नाहीच. आजच मोबाइलवर डागांचे फोटो काढून ठेवा, दर महिन्याला त्याच उजेडात परत काढा, डॉक्टरांना वाढ कळायला फार उपयोग होतो.