मदत हवी आहे : स्वाक्षरी खरी, पण संदेश खोटा, मागच्या ट्रकने ओळखायचे कसे?

नमस्कार. वायरलेस संदेशांच्या आधारे एकमेकांच्या अगदी जवळून, एकामागे एक धावणाऱ्या स्वयंचलित ट्रकांच्या ताफ्यावर माझा पदव्युत्तर प्रकल्प सुरू आहे. सिम्युलेशनसाठी सुमो (वाहतुकीचे) आणि व्हेन्स (वाहनांमधल्या वायरलेस संपर्काचे) ही सॉफ्टवेअर वापरतो. गेले काही आठवडे एकाच जागी अडकलो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो आहे.

बाहेरच्या हल्लेखोराचा बंदोबस्त झाला आहे. प्रत्येक ट्रक सेकंदाला १० वेळा आपले स्थान, वेग आणि त्वरण ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर प्रसारित करतो. आयईईई १६०९.२ या मानकानुसार प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी आणि वेळेची नोंद असते, त्यामुळे बनावट किंवा जुने संदेश बाद होतात. जॅमिंग झाले, म्हणजे कोणी मुद्दाम रेडिओ लहरी सोडून संपर्क बंद पाडला, तर संदेश येणेच थांबते आणि ते निदान लगेच कळते.

खरा प्रश्न घरभेद्याचा आहे. वैध प्रमाणपत्र असलेला दुसऱ्या क्रमांकाचा ट्रक ब्रेक दाबत असतानाच 'वेग वाढवतो आहे' असे सांगू लागला, तेव्हा तिसऱ्याने स्वाक्षरी तपासली, ती बरोबर निघाली आणि त्यानेही वेग वाढवला. ताशी ८० किलोमीटर वेगाला अर्ध्या सेकंदाचे अंतर म्हणजे जेमतेम ११ मीटर; ते भराभर कमी होताना पडद्यावर पाहिले आणि नुसत्या स्वाक्षरीवर विसंबणे किती धोक्याचे आहे हे लख्ख दिसले.

म्हणून संदेशातले त्वरण मागच्या ट्रकच्या स्वतःच्या रडारशी ताडून पाहिले. पण रडार अंतर आणि सापेक्ष वेग देतो. त्वरण काढायचे तर वेगातल्या फरकावरून काढावे लागते आणि त्यात गोंगाट, म्हणजे मोजमापातले यादृच्छिक चढउतार, फार येतो. तो गाळायला फिल्टर लावला की उशीर होतो. पुढच्याचे ब्रेक लागल्याचे, त्याचा वेग उतरलेला रडारला दिसण्याआधीच कळावे, हाच तर वायरलेसचा मुख्य फायदा आहे आणि पडताळणीची वाट पाहिली तर तोच हातचा जातो. किती तफावत चालवून घ्यायची ती मर्यादा कडक ठेवली की प्रामाणिक ट्रकही संशयित ठरतो, सैल ठेवली की हळूहळू वाढवत नेलेले खोटे निसटते.

सध्या उलट दिशेने विचार करतो आहे : संदेशांतल्या त्वरणाची बेरीज करत जाऊन अपेक्षित वेग काढायचा, रडारवरून मिळालेल्या वेगाशी तो ताडायचा आणि तफावत साचत गेली तर संशय घ्यायचा. हा मार्ग योग्य वाटतो का? तफावत किती काळ साचू द्यावी, हे कशावरून ठरवावे?

दुसरे असे, की संशय पक्का झाल्यावर केवळ रडारवर चालायचे तर १.४ सेकंदांचे, म्हणजे सुमारे ३१ मीटर अंतर लागते. ते एकदम वाढवले तर मागच्या सगळ्यांना ब्रेक लावावे लागतात, सावकाश वाढवले तर तेवढा वेळ ट्रक धोक्याच्या अंतरात राहतो. यावर कोणी काम केले आहे का?

व्हेरेमी हा वाहनांच्या खोट्या संदेशांचा खुला माहितीसंच पाहिला, पण त्याच्या २०१८ च्या मूळ आवृत्तीतले हल्ले खोट्या स्थानाचे आहेत, त्वरणाचे नाहीत. प्रत्यक्ष महामार्गावरच्या रडारच्या नोंदी कोणाकडे असल्यास किंवा कुठे खुल्या मिळत असल्यास कृपया कळवावे. माझ्या सिम्युलेशनमधला रडारचा गोंगाट सध्या गृहीत धरलेला आहे.