कील तर हरतानाही तीच होती

असं म्हणतात की १९८३ चा अमेरिकाज कप, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींचा करंडक, 'ऑस्ट्रेलिया २' या ऑस्ट्रेलियन बोटीने नुसत्या पंखवाल्या कीलच्या (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याच्या) जोरावर नेला. त्या कीलमुळे बोट झटकन वळायची, हे मान्य. पण हीच कील असताना अमेरिकेतल्या न्यूपोर्टला झालेल्या या सात शर्यतींच्या लढतीत ते १-३ असे मागे पडले होते!

मग ३-३ अशी बरोबरी झाली आणि खरा खेळ सातव्या शर्यतीत झाला. चौथ्या खुणेला (बोटी जिथे वळतात त्या ठिकाणी) अमेरिकन कप्तान डेनिस कॉनरची 'लिबर्टी' ५७ सेकंदांनी पुढे. पाचव्या टप्प्यात वारा पाठीमागून होता. 'ऑस्ट्रेलिया २'चा कप्तान जॉन बर्ट्रंडच्या खलाशांनी चांगला वारा हेरला, स्पिनेकर शीड (पाठीमागच्या वाऱ्यासाठीचं मोठं, फुगणारं शीड) फुगवून धरलं आणि बघता बघता कॉनरला मागे टाकलं. शेवटच्या टप्प्यात त्याने परत परत दिशा बदलून पाहिली, पण यांनी वाट दिली नाही. ४१ सेकंदांनी जिंकले. १८५१ पासूनची अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली ती माणसांनी, हे मला मनापासून वाटतं.