ऊन नव्हे, सुटी वाळू हवी
कुणीतरी विचारलंय, आर्क्टिकच्या थंडीत वाळूच्या टेकड्या कशा? अहो, उन्हाची गरजच नाही. सुटी वाळू, जोरदार वारा आणि विरळ झाडोरा पुरतो. आमच्या साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर वारा भरपूर, पण पायाखाली जांभा, उडणार काय? अलास्कात कोबुक खोऱ्यात मात्र हिमयुगातल्या हिमनद्यांनी खडक दळून वाळू केली, नद्या आणि वाऱ्याने ती तिथे आणली. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला ३० मीटर उंच टेकड्या! हिवाळ्यात तर थंड प्रदेशांत वाळू हिमाबरोबरच उडते आणि दोन्हींचे थर एकावर एक बसतात, हे मला फार विलक्षण वाटतं. कोबुकचा पूर्वीचा बराचसा वालुकाप्रदेश आता झाडांखाली गेलाय.