थिबा राजवाड्यात ‘काही बघण्यासारखं नाही’ म्हणणाऱ्यांना

भाट्येकर:
रत्नागिरी सहलीवरची एक पोस्ट परवा वाचली. गणपतीपुळे छान, रत्नदुर्ग छान, थिबा राजवाडा मात्र टाळा. कारण काय, तर “रिकाम्या खोल्या, ब्रह्मदेशच्या राजाचे फोटो, परक्या राजाचं आपल्याला काय? संग्रहालयच करायचंय तर कोकणाचं करा, थिबाला एक कोपरा पुरे.” खाली लोक माना डोलावतायत. मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, आणि तो इथे हवापालटाला आला नव्हता. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, राजाला राणीसकट बोटीत बसवलं, काही महिने मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून टाकलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. तीस वर्षं! त्यातली पहिली चोवीस टेकडीवरच्या दुसऱ्या बंगल्यांत गेली. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे त्याच्या वाट्याला आला जेमतेम सहा वर्षं. दाराशी पोलीस, बाहेर पडायला परवानगी, पत्रव्यवहार अधिकाऱ्यामार्फत. तनखा पुरेना म्हणून दागिने एकेक करून विकले गेले आणि डोक्यावर कर्ज झालं ते वेगळंच. खोल्या रिकाम्या दिसतात त्याचं हेही एक कारण आहे, आणि ते समजून त्या खोल्यांतून फिरलं तर कंटाळा येत नाही.

आणि हे सगळं घडलं कुठे? आपल्या गावात. पहारेकरी आपले, नोकरचाकर आपले, दागिने विकत घेणारे सराफही आपलेच. मग तो परका कसा?

खलाशाचा नातू:
ती पोस्ट माझी नाही, पण तिच्यातलं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के पटतं. रत्नागिरी म्हटलं की टिळक, सावरकर, थिबा आणि हापूस. संपलं. इथली गावंच्या गावं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली, मनिऑर्डरवर इथल्या चुली पेटल्या, त्यांना कुठल्या काचेच्या कपाटात जागा आहे? माझे आजोबा आगबोटीवर खलाशी होते. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा त्या दिवशी दुसऱ्या बोटीवर होते म्हणून आज मी हे लिहितोय. तो दिवस गटारी अमावस्येचा, म्हणून घरात त्या अमावस्येला कधी कोणी हसून बोललं नाही. त्या बोटीचं नाव आज शाळेतल्या पोरांना विचारा.

आजोबांची पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाने मुंबईच्या खोलीचा पत्ता लिहिलाय, अक्षरं वाकडी, कारण लिहायला ते बोटीवर शिकले. माझ्यासाठी इतिहास तो आहे. राजाची खुर्ची नाही.

देशावरचा:
शिवाय हा राजा काय लायकीचा होता तेही सांगा ना. १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात भाऊबंदांची कत्तल झाली, बायकापोरांसकट. ऐंशीच्या आसपास माणसं मारली. त्याच्या नावाने आपण उसासे टाकायचे? इंग्रजांनी उचललं ते बरंच केलं म्हणणारे तिथेही असतील.

सागवान:
कत्तल झाली, आणि तो राजा होता म्हणून जबाबदारी त्याचीच. पण इंग्रज त्या मेलेल्या राजपुत्रांसाठी गेले असं वाटत असेल तर सालं बघा. कत्तल १८७९ ची, लढाई १८८५ ची. मधली सहा वर्षं त्यांचा विवेक झोपला होता का? निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणजे १८६३ ची, मुंबईतली कंपनी. जंगलातून नेलेले ओंडके कमी दाखवले असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. त्यात तो फ्रेंचांशी संधान बांधतोय ही भीती. दोन आठवड्यांत मंडाले पडलं आणि १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा.

म्हणून ‘परका’ हा मुद्दा मला कळतच नाही. भांडण मुंबईच्या कंपनीचं, कैद कोकणात. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, तोही थिबाच्याच किल्ल्याच्या आवारात. त्याच वर्षांत थिबा टिळकांच्या जन्मगावी बंदिवान. गीतारहस्य तिकडे लिहिलं जात होतं तेव्हा इकडे थिबा या नव्या वाड्यात नुकताच राहायला आला होता. याची एक भिंत जरी नीट मांडली तरी माणूस तासभर हलणार नाही.

देशावरचा:
सालांचा मुद्दा मान्य करतो, राजा मात्र मला आवडणार नाही तो नाहीच. पण पर्यटक सनावळ्यांनी येत नाहीत. लोकांना गोष्ट लागते. थोरल्या राजकन्येची आणि गोपाळची प्रेमकथा मांडा की! राजकन्या आणि दरवान, राजवाड्याच्या बागेतल्या चोरून भेटी. आग्र्याला काय आहे दुसरं?

पावसची लेक:
इतका वेळ गप्प होते, आता बोलतेच. दादा, त्यांची मुलगी टुटू १९०६ ची. राजवाडा झाला १९१० मध्ये. कुठली बाग आणि कुठल्या भेटी? हे बागेचं प्रकरण सांगणाऱ्यांनी निदान दाराजवळची पाटी वाचावी.

आणि प्रेमकथा कसली म्हणता? मुलगी कैदेत वाढली. पाच-सहा वर्षांची असताना इथे आली, पंचविशी उलटली तरी लग्न नाही, कारण लायक घराणं ब्रह्मदेशात आणि ती इथे पहाऱ्यात. घरचे सोडले तर तिच्या नजरेस पडणारे पुरुष म्हणजे नोकर आणि शिपाई. गोपाळ सावंत आधीच बायकोवाला. आमच्या घरातल्या कुठल्या मुलीचं असं झालं असतं तर आपण त्याला प्रेमकथा म्हणून तिकीट लावलं असतं का?

मांडवीचा वारा:
ताई, जरा जपून. गोपाळ सावंत नोकर होते म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी? राजकन्येलाही मन असेल की नाही? १९१९ मध्ये सगळं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेलं. थोरलीही गेली. आणि मग पुन्हा रत्नागिरीला आली, मुलीला घेऊन, त्याच माणसाच्या आसऱ्याला. तेव्हा तिच्यावर पहारा नव्हता. कोणी आणलं ओढून तिला? गडीमाणसाने राजघराण्यातल्या बाईशी नातं जोडलं, हेच शंभर वर्षं लोकांना टोचतंय.

पावसची लेक:
माझ्या बोलण्यात जात, आडनाव, गडी असलं काही नव्हतं, ते तुम्ही घुसवताय. परत आली हे मला ठाऊक आहे. ती आली आणि पुढे काय मिळालं तेही सांगा! १९४७ मध्ये गरिबीत गेली. टुटू, जिला सगळी रत्नागिरी बाईसू म्हणायची, तिने शेणाच्या गोवऱ्या थापून आणि कागदाची फुलं करून संसार केला. शेवटच्या राजाची नात! माझ्या आजीने तिला पाहिलेलं. आजी म्हणायची, तोंडावळा तेवढा निराळा, बोलायला लागली की आपल्यातलीच. ब्रह्मी भाषा विसरली होती, मराठीतच जगली आणि २००० मध्ये इथेच गेली.

हे मांडा ना. बागेतल्या भेटी नकोत, गोवऱ्या मांडा. बाईसू गेली तेव्हा आपल्यातले कितीतरी जण जाणते होते. तिच्यासाठी आपण काय केलं?

मांडवीचा वारा:
शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलं की. रत्नागिरीने तिला टाकलं असं म्हणू नका, ते खोटं आहे. ती इथे परकी म्हणून जगली नाही.

पावसची लेक:
शेजाऱ्यांनी केलं, गावाने नाही. दोन्हींत फरक आहे.

मांडवीचा वारा:
बरं बाई, तुमचंच खरं. फक्त गोपाळरावांना खलनायक करून भिंतीवर टांगू नका एवढंच माझं म्हणणं.

जुना पॉलिटेक्निकवाला:
तुमच्या भांडणात एका म्हाताऱ्याचं ऐका. त्या वास्तूत एके काळी पॉलिटेक्निक भरायचं, मी तिथेच शिकलो. ड्रॉइंगचा बोर्ड खिडकीपाशी असला की दुपारी रंगीत काचेतून कागदावर तांबडा-निळा उजेड पडायचा आणि चार-एच पेन्सिलीची फिकट रेघ दिसेनाशी व्हायची. बोर्ड सरकवावा तर शेजाऱ्याच्या टी-स्क्वेअरला लागायचा. ही जागा राजाची, एवढं आम्हाला माहीत. त्या खिडकीतून त्याने भाट्याची खाडी कशासाठी बघितली असेल, हा विचार विशीत मनात आला नाही.

वास्तूबद्दल बोला कोणीतरी! तीन मजले, जांभा, लाकडी कोरीवकाम, उतरती छपरं, वर संगमरवरी फरशीचा नाचाचा दिवाणखाना. समोर समुद्र, आणि वर्षातले चार महिने पावसाचा मारा. कोकणात लाकूड आणि जांभा सांभाळणं म्हणजे काय ते घर असलेल्याला विचारा. कपाटात थिबा ठेवा की खलाशी, छप्पर गळलं तर दोघंही भिजतील. आधी त्यावर वर्गणी आणि ओरड दोन्ही करा.

सागवान:
काका, छपराला माझा पूर्ण पाठिंबा. बाईसूवर मला एवढंच म्हणायचंय की तिची गोष्ट राजापासून तोडून सांगता येणार नाही. थिबा गेल्यावर काय झालं ते बघा. धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्ये गेलेली. सुपयालत राणीचा हट्ट, दोन्ही देह मायदेशी न्यायचे. सरकार नको म्हणालं. राणी शवपेट्या सोडेना. दोन वर्षांवर त्या पेट्या राजवाड्याच्या आवारात राहिल्या, आणि १९१९ मध्ये अधिकाऱ्यांनीच त्या नेऊन रत्नागिरीत कबरीत ठेवल्या. मेलेल्या माणसालाही परवानगी नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन त्या कबरीवर आले होते. तिकडच्या लोकांना ही जागा किती मोठी आहे ते त्यावरून समजा, आणि आपल्याकडे सहलीच्या यादीत राजवाडा टाळा, कबरीचं तर नावच नाही.

भाट्येकर:
माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. खलाशाचा नातू म्हणतात त्यातलं खलाशी, गिरणीवाले, मनिऑर्डर हे सगळं संग्रहालयात हवं, त्याला माझी ना नाही. पण त्यासाठी थिबाला कोपऱ्यात ढकला हे चालणार नाही. बंदी करून ठेवलेल्या माणसाच्या घरात त्यालाच पुन्हा एका खोलीत कोंबायचं? त्या वास्तूचा पहिला हक्क त्याच्या कैदेच्या गोष्टीला, आणि तिला जोडून गावाच्या. त्याला दूध कोण घालायचं, पहाऱ्यावर कोण, दागिने कोणी किती भावाने घेतले, टुटू कुठल्या आळीत वाढली. हाच कोकणाचा इतिहास आहे.

खलाशाचा नातू:
गोड बोलून पुन्हा मध्यभागी राजाच बसवलात. दूध घालणारा, पहारेकरी, सराफ, म्हणजे आम्ही तिथे येणार ते राजाच्या दिमतीला! माझ्या आजोबांचा थिबाशी काडीचा संबंध नव्हता, तरी ते कोकणच होते. बाईसूचं मला पटलं, गोवऱ्या थापणाऱ्या बाईला मी माझ्याच माणसांत धरतो. टिळकांची भिंतही करा, हरकत नाही.

पण जिल्ह्यातली माणसं बघायला येणार ती याच वास्तूत, दुसरी इमारत काही कोणी बांधून देत नाही. तेव्हा जागेचा हिशोब आजच करा. वरचा मजला पूर्ण बोटींचा आणि मुंबईकर चाकरमान्यांचा, खालचा राजाचा. हे कबूल असेल तर आजोबांची पेटी मी स्वतः डोक्यावरून आणून देतो. नाहीतर ती माळ्यावर बरी आहे.

भाट्येकर:
नाचाचा दिवाणखाना वर आहे, तो राजाकडून काढता येणार नाही. बाकी वरच्या खोल्यांचं बोलू.

खलाशाचा नातू:
दिवाणखाना ठेवा. समुद्राकडच्या खोल्या आमच्या.