मदत हवी आहे: पेटंट मंजूर होण्याआधी यंत्र प्रदर्शनात दाखवावं का?

नमस्कार मंडळी. निफाडजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. विळ्याने कांद्याची पात कापताना आईचा अंगठा दर हंगामात चिरायचा, म्हणून बाबांनी आणि मी पात कापायचं हातयंत्र बनवलं. पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज केलाय. पूर्ण तपशील द्यायच्या 12 महिन्यांपैकी 4 गेले. मंजुरीआधी नकलेवर दावा लावता येत नाही, हे कळलंय. एक डीलर ड्रॉइंग मागतोय. गोपनीयतेच्या कराराशिवाय देणार नाही, एवढं नक्की.

खरी काळजी पात्याची आहे. त्याचा कोन नंतर बदलला, तो मूळ अर्जात नाही. पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शन आहे. तिथे हेच पातं चालवून दाखवलं तर पेटंटसाठी लागणारं त्याचं नवेपण जाईल ना? आधी दुसरा अर्ज करावा का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.